दुसरा स्रोत

शलाका तांबटने ते ध्वनिमुद्रण चौथ्यांदा ऐकलं, हेडफोन काढून ठेवला आणि पडद्याकडे पाहिलं. यंत्राचा निकाल बदलला नव्हता. "दुसरा स्रोत. शक्यता चौऱ्याण्णव टक्के."

याचा साधा अर्थ असा, की भालचंद्र केळुसकर लेण्यात बसून बासरी वाजवत होते तेव्हा तिथे आणखी काहीतरी वाजत होतं. आणि आत केळुसकरांशिवाय कोणीही नव्हतं. शलाका स्वतः बाहेरच्या ओसरीत यंत्रं मांडून बसली होती. आत जायला दुसरी वाट नव्हती.

मग वाजत होतं ते काय? आणि कोणी लपवलं होतं?

शंका यायला कारण होतं. गेल्या वर्षी केळुसकरांना न्यूमोनिया झाला होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, फुफ्फुसं पूर्वीसारखी होणार नाहीत, आता घरच्या घरी वाजवा. वय एकाहत्तर. तरीही मार्चच्या या ध्वनिमुद्रणात त्यांचा मंद्र पंचम असा काही लांबत होता, की पस्तिशीतल्या वादकाने तोंडात बोट घालावं.

तोपर्यंत संगीत रचणारी आणि वाजवणारी यंत्रं घरोघर झाली होती. ध्यानाला बसायचं असो की झोप आणायची असो, मागाल तितके तास बासरी मिळे, आणि ती कोणीच फुंकलेली नसे. त्यामुळे माणसाने खरोखर स्वतःच्या दमाने वाजवलेल्या सुराला भलताच मान आला. खऱ्याखोट्याची पारख करायला श्वासमुद्रा मंडळ निघालं. मंडळाचा शिक्का असलेलंच संगीत रुग्णालयं आणि ध्यानकेंद्रं घेत. शलाका मंडळाची मान्यताप्राप्त परीक्षक होती. गुहा, जुनी टाकी, ओस पडलेली भुयारं अशा घुमणाऱ्या जागांमध्ये ध्वनिमुद्रण करायचं आणि त्याची तपासणी करून अहवाल द्यायचा, हे तिचं काम.

तपासणी विलगक नावाच्या यंत्रावर होई. कुठल्याही बंदिस्त जागेत फुगा फोडला तर 'फट्' होतं, आणि मग ती जागा तो आवाज थोडा वेळ आपल्यातच घोळवत राहते. भिंती किती लांब, छत किती उंच, दगड खडबडीत की गुळगुळीत, सगळं त्या घोळण्यात उतरतं. हा त्या जागेचा घुमारा. तो एकदा मोजून ठेवला की विलगक कुठल्याही ध्वनिमुद्रणातून तेवढाच घुमारा वजा करतो. मागे राहतो कोरडा सूर, वादकाने उघड्या माळावर वाजवल्यासारखा. त्यात श्वास कुठे घेतला, कुठे संपला, ओठ कुठे थरथरला, काहीच लपत नाही.

आंबेघोलच्या डोंगरातलं घुमऱ्याचं लेणं शलाकाने दोन वर्षांपूर्वीच मोजलं होतं. कोणीतरी कोरायला घेऊन अर्धवट सोडलेलं एक मोठं दालन. खांब नाहीत, मूर्ती नाहीत. पण सूर सोडला की सहा सेकंद तो असा तरंगत राही, की वाजवणाऱ्याला पुढचा सूर घ्यायची घाई वाटत नसे. तो सहा सेकंदांचा घुमारा वजा केल्यावर केळुसकरांचा श्वास संपलेला स्पष्ट ऐकू येत होता. आणि श्वास संपल्यावरही पंचम वाजतच होता. आणखी दोन-अडीच सेकंद. फक्त पंचम. बाकी सगळे सूर जागच्या जागी विझत होते.

शलाका बाराव्या वर्षापासून सहा वर्षं केळुसकरांकडे बासरी शिकली होती. त्यांना ती काका म्हणायची. हा माणूस लबाडी करील, असं दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर तिने त्याला दारातूनच परत पाठवलं असतं.

पण यंत्राने म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्यांच्या घरी गेली. नदीकडच्या आळीत दोन खोल्या घेऊन ते एकटेच राहायचे.

"शलू? ये ये. मी दूध घेऊन येतो, चहाला थेंबभरही नाही," असं म्हणून त्यांनी चपला घातल्या.

ते जिना उतरल्याचा आवाज आला आणि शलाका उठली. कोपऱ्यात बासऱ्यांची पिशवी टेकवून ठेवली होती. त्यातल्या पाच बासऱ्या तिच्या ओळखीच्या होत्या. सहावी लाल फडक्यात गुंडाळलेली. मार्चमध्ये त्यांनी हीच वाजवली होती आणि ती पाहायला मागितल्यावर 'नंतर' म्हणून फडकं बांधून टाकलं होतं. शलाकाने गाठ सोडली. बासरी हाताला किंचित जड लागली. तिने टोकातून आत पाहिलं, मग मोबाईलचा दिवा लावून पाहिलं.

"सापडलं का काही?"

केळुसकर दारात उभे होते. दुधाची पिशवी त्यांच्या हातात होती.

"दे इकडे." त्यांनी बासरी घेतली आणि फुंकायचं भोक तिच्यासमोर धरलं. "हे बघ. भोवती तांब्याची पातळ कडी बसवून घेतलीय. भोक लहान झालं की वारा कमी लागतो. दम पुरत नाही आता. तेवढंच लपवत होतो. लाज वाटते ना."

"काका, तुमच्या पंचमात..."

"काय आहे माझ्या पंचमात?"

तिने सांगितलं. विलगकाचा निकाल, जास्तीचे अडीच सेकंद, चौऱ्याण्णव टक्के. ते ऐकत राहिले. मग खुर्चीत बसून त्यांनी तीच बासरी ओठाला लावली आणि मंद्र पंचम धरला. तो पाच सेकंद टिकला, थरथरला, तुटला. त्यांना खोकला आला.

"हा माझा पंचम," ते म्हणाले. "आणि लेण्यात वाजला तोही माझाच. त्या जागेत गेलं की मला दम येतो. का येतो ते मला ठाऊक नाही. तुला मी चोर वाटत असेन तर तसं लिही. चहा मात्र आज तू कुठेतरी बाहेर पी."

शलाका जिना उतरली तेव्हा तिचे कान तापले होते. पण रस्त्यावर आल्यावर डोक्यात पहिला विचार आला तो असा: इथे दम तुटतो आणि तिथे तुटत नाही, म्हणजे लपवलेली वस्तू बासरीत नसून लेण्यात असणार. तिने संध्याकाळपर्यंत अहवाल पाठवून दिला. 'दुसरा स्रोत आढळला. शिक्क्याची शिफारस नाही.' एक प्रत मंडळाला, एक अभिराम ढमढेरेंना.

ढमढेरेंची 'निवांत' नावाची संस्था ही ध्वनिमुद्रणं करवून घ्यायची. त्यांनी त्याच लेण्यात केळुसकरांची मैफल ठरवली होती, दिवस राहिले होते आठ, आणि ऐंशी श्रोत्यांची नावं नोंदवून झाली होती. ते फोनवर हळू आवाजात म्हणाले, "शलाकाताई, मैफल होऊ दे. अहवाल मंडळात उघडायला महिना जातो. तोवर तुम्हीही कुठे बोलू नका. पण एक करा, त्या म्हाताऱ्याने स्पीकर कुठे दडवलाय तेवढं शोधा. मैफलीत निघाला तर माझं तोंड काळं होईल."

शलाकालाही तो शोधायचाच होता. मनात कुठेतरी तो सापडावा असंही वाटत होतं. सापडला असता तर पिशवी उघडल्याची टोचणी कमी झाली असती.

ती लेण्याशी पोचली तेव्हा सकाळचे साडेदहा झाले होते. राखणदार किसन लांघी पायऱ्यांवर बसला होता. गावाने त्याला तिथे नेमलं होतं.

"किसनभाऊ, मधे कोणी आत गेलं होतं का? काही ठेवायला, काही बसवायला?"

"कोन जातंय ताई. ते बासरीवाले बाबा आन् तुमी." मग तो लेण्याशेजारच्या, खडकात कोरलेल्या पाण्याच्या टाक्याकडे बोट दाखवत म्हणाला, "ह्ये मातर बगा. टाक्याचं पानी वीतभर उतरलंय. आमच्या आज्यानंबी कधी उतरल्यालं बघितलं न्हाई."

शलाकाने मान डोलावली आणि आत गेली. तिने भिंतीच्या प्रत्येक खाचेत बॅटरी मारली. कोपऱ्यातली माती उकरली. काही नव्हतं. अकरा वाजता पायाखाली हलकासा धक्का जाणवला आणि दूरवर 'धम्म' झालं. डोंगराच्या पोटातून बोगदा चालला होता. वरच्या तलावातलं पाणी खालच्या तलावात सोडून वीज करायची आणि रात्री उरलेल्या विजेवर ते परत वर चढवायचं, असा मोठा प्रकल्प होता. रोज अकराला आणि चारला सुरुंग उडायचे.

शोधून काही निघेना, तेव्हा सवयीने तिने माइक लावला, फुगा फुगवला आणि फोडला. मग आणखी दोन. लॅपटॉपवर विलगक सुरू केला. फुग्याचा आवाज तिला ठाऊक होता, जुना घुमारा ठाऊक होता. एकातून एक गेलं की काही उरायला नको.

पडद्यावर ओळ उमटली. "दुसरा स्रोत. शक्यता शहाण्णव टक्के."

शलाका दालनात एकटी होती. तिने एकदा मागे वळून पाहिलं. मग उरलेला आवाज हेडफोनवर लावला. तो बारीक, गोल, लांबलेला पंचम होता. फुग्याच्या आवाजात सगळेच सूर थोडे थोडे असतात. त्यातला नेमका पंचम कोणीतरी उचलून धरत होतं.

तिने याच लेण्यातलं केळुसकरांचं जानेवारीतलं ध्वनिमुद्रण काढलं. तेव्हा निकाल स्वच्छ आला होता, पण फार पुसट खुणा यंत्र सोडून देतं. आता तिने बारकाईने पाहिलं. तिथेही एक अगदी पुसट रेष होती. पंचमावर नव्हे, त्याच्या वरच्या धैवतावर. म्हणजे तीन महिन्यांत तो सूर खाली उतरला होता.

शलाका तांबटाच्या घरात वाढली होती. वडील तांब्याचा पत्रा ठोकत, तो ठोक्यागणिक पसरत जाई आणि त्याचा नाद खाली खाली उतरत जाई. पातळ, पसरट, सुटी वस्तू खालच्या सुरात बोलते. घरातली एखादी लादी खालून सुटली की तीही वेगळी वाजते, आपल्याला पायाखाली कळतं.

तिने हळूच वर पाहिलं. छत नेहमीसारखंच काळं, सपाट. कुठे भेग दिसत नव्हती. पण त्या दगडाचा एक मोठा पापुद्रा आतून सुटत चालला होता. तो अजून कडांना धरून होता आणि पंचम ऐकू आला की तंबोऱ्याच्या तारेसारखा थरारून उठत होता. सुरुंगाच्या प्रत्येक धक्क्याने सुटलेला भाग वाढत होता, म्हणून सूर उतरत होता. टाक्याचं पाणीही अशाच आतल्या फटींतून झिरपलं असणार. ती जिथे उभी होती, तिथेच मार्चमध्ये केळुसकरांचं आसन होतं. आठवड्याने तिथे ऐंशी माणसं बसणार होती.

शलाका सामान तिथेच टाकून बाहेर आली आणि किसनला म्हणाली, "आत कोणालाही जाऊ देऊ नका. मलासुद्धा."

प्रकल्पाच्या कचेरीत तिचा अर्ज घेतला गेला, पोच मिळाली, उत्तराला पंचेचाळीस दिवस लागतील असं कळलं. आणखी दोन कचेऱ्यांना तिने आकडे, आलेख, सगळं पाठवलं. तिथूनही पोच आली. ढमढेरेंकडे मात्र ती स्वतः गेली.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग मागे रेलून म्हणाले, "परवा तुम्ही म्हणालात म्हातारा लबाड आहे. आज म्हणता डोंगर लबाड आहे. उद्या कोणाची पाळी, माझी?"

"ढमढेरे, छत पडेल."

"दोन हजार वर्षांत पडलं नाही ते. खरं सांगा, केळुसकर येऊन रडले ना तुमच्यापाशी? गुरू आहेत तुमचे, मी समजू शकतो. अहवाल मागे घ्यायला तुम्हाला डोंगर पाडायची गरज नव्हती." त्यांनी हसून हात जोडले. "आणि ते नाही आले तरी माझ्याकडे दुसरे तीन बासरीवाले तयार आहेत."

शलाकाचं म्हणणं खरं मानायला त्यांना काही कारणच राहिलं नव्हतं. ते कारण तिनेच आपल्या अहवालाने घालवलं होतं.

केळुसकरांनी दार अर्धंच उघडलं. "आता काय तपासायचं राहिलंय?"

"काका, माझं चुकलं. आत येऊ द्या. मग हवं तर घालवून द्या."

त्यांनी दार सोडलं. शलाकाने उभ्यानेच सगळं सांगितलं. सुटलेली शिळा, उतरणारा सूर, टाक्याचं पाणी, ढमढेरेंचे दुसरे तीन बासरीवाले. केळुसकर खिडकीशी गेले.

"म्हणजे तो लांबलेला पंचम माझा नव्हता."

शलाकाला खोटं बोलावंसं वाटलं. "नव्हता, काका."

"मला वाटलं होतं दम परत आला," ते म्हणाले. "त्या दिवशी परत येताना गाडीत मी तुझ्याशी बोललो नाही, आठवतं? रडू येईल म्हणून बोललो नाही. सारखं वाटत होतं, आता आणखी चार-पाच वर्षं वाजवता येईल." ते तिच्याकडे वळले. "म्हणजे तुझं यंत्र बरोबरच बोललं. दुसरा होता तिथे."

"यंत्र बरोबर बोललं. मी चूक ऐकलं."

त्यांनी मोबाईल मागितला आणि ढमढेरेंना लावला. आवाज मोठा ठेवला.

"ढमढेरे, केळुसकर बोलतोय. शलाकाचा अहवाल वाचलात ना? त्यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. त्या ध्वनिमुद्रणात दुसरा स्रोत आहे."

शलाका पुढे झाली. त्यांनी हाताने तिला थांबवलं.

पलीकडून ढमढेरे म्हणाले, "तुम्ही कबूल करताय?"

"दुसरा स्रोत आहे एवढं कबूल करतोय. त्या लेण्यात कोणीही वाजवलं तरी मंडळ शिक्का देणार नाही. मैफल केलीत तर मी आजच मंडळाला लिहितो, आणि निवांतच्या आजवरच्या सगळ्या ध्वनिमुद्रणांची फेरतपासणी मागतो."

"लोक तुम्हाला काय म्हणतील, कल्पना आहे?"

"आहे."

"मी कारण लपवणार नाही हं. मला माझं नाव सांभाळायचंय."

"नका लपवू."

फोन ठेवल्यावर शलाका म्हणाली, "काका, शिळेचं का नाही सांगितलंत?"

"तू सांगितलंस. ऐकलं त्याने? भीती त्याला दगडाची नाही, शिक्क्याची आहे." ते उठले. "चहा टाक. दूध आहे आज."

मैफल रद्द झाली. संध्याकाळपर्यंत बातमी पसरली. केळुसकरांनी लेण्यात यंत्र लपवलं, परीक्षकाने पकडलं, त्यांनी कबूलही केलं. त्यांच्याकडे सात विद्यार्थी यायचे. आठवड्यात पाच गेले. एका जुन्या श्रोत्याने त्यांनी सही करून दिलेली बासरी पोस्टाने परत पाठवली. शलाका जिथे जाईल तिथे खुलासा करी. लोक ऐकून घेत आणि एकमेकांकडे बघत. शिष्याच आहे ती त्यांची, असं त्या बघण्यात असे.

मैफलीची तारीख उलटून गेल्यावर चौथ्या दिवशी, सकाळी अकराच्या सुरुंगानंतर, घुमऱ्याच्या लेण्यातली शिळा खाली आली. किसन ओसरीबाहेर होता. धूळ बसल्यावर त्याने फोटो काढून शलाकाला पाठवला. दोन बैलगाड्या शेजारी शेजारी उभ्या कराव्यात एवढी ती शिळा होती. बोगद्याचं काम तपासणीसाठी थांबलं, लेण्याला कायमचं कुंपण पडलं. वर्तमानपत्रांत शिळेचा फोटो आला. त्या शिळेचा आणि एका बासरीवाल्याच्या बदनामीचा संबंध कोणी लावला नाही. मंडळाने शलाकाचा सुधारित अहवाल मान्य करून केळुसकर निर्दोष असल्याचं चार ओळींचं टिपण आपल्या संकेतस्थळावर टाकलं. ते किती लोकांनी वाचलं याचा आकडा खाली दिसत होता. एकतीस.

जुलैमध्ये शलाका त्यांच्याकडे दोन ध्वनिमुद्रणं घेऊन गेली. एक मार्चमधलं जसंच्या तसं. दुसऱ्यात तिने विलगकाने फक्त शिळेचा वाटा काढून टाकला होता. लेण्याचा मूळ घुमारा होता, केळुसकरांचा श्वास होता, आणि जिथे तो तुटला तिथे तो तुटत होता.

"मंडळ दोन्हीला शिक्का देईल," ती म्हणाली. "पहिल्याखाली शिळेची टीप टाकून. कोणतं ठेवायचं ते तुम्ही सांगा."

केळुसकरांनी पहिलं पूर्ण ऐकलं. पंचम लांबला तसे त्यांचे डोळे मिटले. मग दुसरं ऐकलं. सहा ठिकाणी दम तुटला. एका ठिकाणी तर खोकला दाबल्याचंही कळत होतं.

"हे ठेव," ते म्हणाले. "हा मी आहे."

ध्वनिमुद्रण शिक्क्यासह बाहेर आलं. पंधरा दिवसांनी शलाका फोन उघडून त्यांच्या शेजारी बसली आणि श्रोत्यांनी लिहिलेलं वाचून दाखवू लागली. थोड्यांना आवडलं होतं. पुष्कळांना शंका होती. एकाने लिहिलं होतं, "यंत्रानेच केलंय. खरं वाटावं म्हणून मधे मधे दम तुटल्यासारखं दाखवलंय. पण ते तुटणं फार ठरवून केल्यासारखं वाटतं. आणि तो खोकला तर हसू येण्याइतका खोटा आहे."

शलाका वाचता वाचता थांबली. केळुसकर तिच्याकडे पाहत राहिले, आणि मग त्यांना हसू फुटलं. ते इतके हसले की खोकल्याची उबळ आली, आणि ती लवकर थांबेना. शलाका पाणी आणायला धावली.